पाणी आणि मासा यांतला फरक जिवाणूला कसा कळतो?

प्रयोगशाळेत काम शिकत होते तेव्हा माझ्या हातून झालेली एक चूक अजून लक्षात आहे, आणि या विषयाची गोडी मला लागली ती त्या चुकीपायीच. एरोमोनास साल्मोनिसिडा हा साल्मन आणि ट्राउट माशांना फुरुनक्युलोसिस नावाचा, अंगावर गळवे उठवणारा रोग लावणारा जिवाणू मी काँगो रेड हा रंग घातलेल्या अगरच्या प्लेटवर वाढवत होते. या जिवाणूच्या पेशीभोवती एकाच प्रथिनाच्या विटा रचून बांधलेले चिलखत असते, त्याला ए-थर म्हणतात. हे चिलखत रंग ओढून घेते, म्हणून ते शाबूत असलेल्या जिवाणूंच्या वसाहती प्लेटवर गडद लाल दिसतात आणि ज्यांनी ते गमावले आहे त्यांच्या फिकट राहतात. आमचा सामाईक इन्क्युबेटर कोणीतरी आपल्या कामासाठी २७ अंश सेल्सिअसवर नेऊन ठेवला होता आणि मी आकडा न पाहताच माझ्या प्लेट आत सरकवल्या होत्या. पहिल्या खेपेला लाल वसाहतींमध्ये दोन-चार फिकट ठिपके दिसले, त्यांच्याकडे मी काणाडोळा केला. त्या प्लेटवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी स्ट्रीक केली, तेव्हा तिसरी प्लेट जवळजवळ सगळीच फिकट निघाली. ब्रॉथच्या नळीतही तोच प्रकार होता. आधी जिवाणू एकमेकांना चिकटून गाळासारखे तळाशी बसत आणि वरचा द्रव नितळ राही, आता मात्र सबंध नळी एकसारखी गढूळ झाली होती.

उष्णतेमुळे जिवाणूने चिलखताचे जनुक तात्पुरते बंद केले असावे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली आणि प्लेट १८ अंशांवर परत ठेवल्या. वसाहती फिकटच राहिल्या. आठवडाभर वाट पाहूनही लाल रंग आला नाही, कारण जनुक बंद झालेलेच नव्हते, ते मोडले होते. या जिवाणूच्या डीएनएमध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारणारे लहान तुकडे असतात. असा एखादा तुकडा चिलखताच्या जनुकात घुसला की जनुक निकामी होते, आणि २६-२७ अंशांच्या उबेत असे चिलखत गमावलेले जिवाणू चिलखतधाऱ्यांना मागे टाकून फोफावतात. याच जिवाणूच्या पीएएसए५ या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) तिसऱ्या प्रकारच्या स्रावयंत्रणेची, म्हणजे माशाच्या पेशीत प्रथिने टोचणाऱ्या सूक्ष्म सुईची, जनुके असतात. २५ अंशांच्या वर वाढवल्यास तशाच उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या जोड्यांमधला भाग गळून पडतो आणि सुईची जनुके त्याबरोबर जातात. दिवा विझवणे आणि दिवा फोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्लेटकडे नुसते पाहून त्यांतली कोणती घडली हे सांगता येत नाही. मासे मारू शकणारा जिवाणू प्रयोगशाळेत काही पिढ्यांतच निरुपद्रवी झाला, एवढ्यावरून त्याचे नियमन कळले असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला माझी ती फिकट प्लेट आठवते.

खऱ्या नियमनाचा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या जनुकांमुळे जिवाणू माशाला आजारी पाडतो किंवा मारतो, त्यांना मी या लेखात मारक जनुके म्हणते. विषे, टोचणाऱ्या सुया, ऊती विरघळवणारी विकरे, लोह हिसकावून घेणारी यंत्रणा, अंगाभोवतीचे थर हे सगळे त्यांत येते. ही जनुके जिवाणू चोवीस तास चालू ठेवत नाही, कारण त्यांचा खर्च मोठा असतो. एक स्रावयंत्रणा उभी करायची तर वीसहून अधिक प्रकारची प्रथिने ठरावीक क्रमाने तयार करून जुळवावी लागतात, आणि जो जिवाणू मोकळ्या पाण्यात असताना हा खर्च करतो त्याला तो न करणारे शेजारी वाढीत मागे टाकतात. शिवाय यांतली बरीच प्रथिने माशाच्या प्रतिकारसंस्थेच्या डोळ्यांवर येणारी असतात. म्हणून जिवाणूला आधी हे कळावे लागते की आपण पाण्यात आहोत की माशात, आणि माशात असलो तर त्वचेवर, आतड्यात, रक्तात की एखाद्या भक्षक पेशीच्या पोटात. या लेखाचा सगळा विषय एवढाच आहे.

उष्ण रक्ताच्या प्राण्यांवर जगणाऱ्या जिवाणूंना हा प्रश्न निम्मा सुटलेला मिळतो. माणसाला हगवण लावणारा शिगेला ३० अंशांवर आपली मारक जनुके दाबून ठेवतो. ३७ अंशांवर त्याच्या एका प्रमुख नियामक जनुकापुढच्या डीएनएची वळणे सैल होतात, तिथे बसलेले एच-एनएस हे दाबणारे प्रथिन सुटते आणि पुढची साखळी सुरू होते. लिस्टेरियात तर नियामक प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएलाच एक घडी पडलेली असते. थंडीत ती मिटलेली राहते आणि ३७ अंशांवर उलगडते, म्हणजे तो आरएनए स्वतःच तापमापक असतो. दोघांच्याही दृष्टीने ३७ अंश म्हणजे घरचा पत्ता. माशांच्या बाबतीत हा पत्ता अस्तित्वातच नाही. ट्यूनासारखे काही अपवाद सोडले तर माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते, त्यामुळे पाण्यातून माशात शिरणाऱ्या जिवाणूला उंबरठा ओलांडताना तापमानात काहीही फरक जाणवत नाही. तरीही माशांच्या रोगकारकांची मारक जनुके तापमानाला अत्यंत संवेदनशील असतात, आणि हे कोडे मला फार दिवस सुटत नव्हते. त्याकडे येण्यापूर्वी लोहाकडे वळते, कारण या क्षेत्रातला सर्वांत बारकाईने तपासलेला भाग तोच आहे.

व्हिब्रिओ अँग्विलारमचे नाव ईल माशावरून आले आहे. १८९३ साली कानेस्ट्रीनी यांनी इटलीतल्या ईल माशांच्या साथीत सापडलेल्या जिवाणूचे वर्णन केले आणि १९०९ साली बर्गमन यांनी बाल्टिक समुद्रातल्या ईल माशांवरून त्याला आजचे नाव दिले. साल्मन, ट्राउट, सी बास, टर्बट अशा पुष्कळ माशांना तो रक्तस्रावी सेप्टिसीमिया, म्हणजे रक्तात पसरणारा संसर्ग, करतो. परांच्या मुळाशी आणि पोटावर लाल चट्टे उठतात, आणि लहान मासे तर बाहेरून काही दिसण्याआधीच मरतात. होर्हे क्रोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९८० या काळात दाखवून दिले की ७७५ या स्ट्रेनची (जिवाणूच्या एका वाणाची) मारकता गुणसूत्रात नसून पीजेएम१ नावाच्या सुमारे ६५ हजार बेस-जोड्यांच्या प्लाझ्मिडवर अवलंबून आहे. प्लाझ्मिड गमावलेला जिवाणू ब्रॉथमध्ये छान वाढतो, पण माशात टिकत नाही. त्यामागचे कारण लोह हे आहे. माशाच्या रक्तात लोह भरपूर असते, पण ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाने आवळून धरलेले असते आणि मोकळे लोह जवळपास नसतेच. पीजेएम१वरची जनुके अँग्विबॅक्टिन नावाचा लहान रेणू तयार करतात; लोह पकडून आणणाऱ्या अशा रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. हा रेणू ट्रान्सफेरिनच्या मुठीतून लोह काढून आणतो आणि जिवाणूच्या बाह्यपटलावरचे फॅटए हे ग्राही प्रथिन लोहासकट त्याला आत घेते.

या यंत्रणेचे नियमन बघताना मला नेहमी जुन्या वाड्यातल्या कडीकोयंड्यांची आठवण होते, कारण एकाच दाराला चार-पाच कुलुपे आहेत. पहिले कुलूप फर या प्रथिनाचे. जिवाणूच्या पेशीत लोह पुरेसे असले की फर ते धरून ठेवतो, त्या जोरावर डीएनएवर बसतो आणि अँग्विबॅक्टिनच्या जनुकमालिकेचा प्रवर्तक, म्हणजे वाचन जिथून सुरू होते ती जागा, झाकून टाकतो. लोह कमी झाले की फर सुटतो आणि मालिका वाचली जाऊ लागते. इथपर्यंतची गोष्ट कित्येक जिवाणूंत सारखीच आहे. पीजेएम१वर मात्र त्याच डीएनएच्या उलट दिशेने लिहिले जाणारे दोन आरएनए आहेत, आरएनए-अल्फा आणि आरएनए-बीटा. लोह मुबलक असताना आरएनए-अल्फा तयार होतो आणि फॅटबी-फॅटएच्या संदेशांची पातळी खाली ओढतो, म्हणजे फरच्या नजरेतून निसटलेले थोडेफार लिखाणही वाया जाते. आरएनए-बीटाचे काम आणखी चमत्कारिक आहे. मालिकेत आधी लोह आत घेणाऱ्या प्रथिनांची जनुके येतात आणि नंतर एएनजीआर, एएनजीटी ही अँग्विबॅक्टिन बनवण्यात भाग घेणारी. आरएनए-बीटाच्या उपस्थितीत फॅटए संपल्यावर वाचन मध्येच थांबते, त्यामुळे ग्राही प्रथिनाचे संदेश पुष्कळ आणि रेणू बनवणाऱ्या विकरांचे कमी असे प्रमाण राहते. हिशेब चोख आहे, कारण विकराचा एक रेणू सिडेरोफोरचे शेकडो रेणू बनवू शकतो, पण लोह घेऊन परतलेल्या प्रत्येक सिडेरोफोरला दारात ग्राही प्रथिन हवेच. एकाच मालिकेतून दोन वेगळी प्रमाणे काढण्याची ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वही बाजूला ठेवून नुसतीच बसून राहिले होते.

उलट बाजूने जोर लावणारेही आहेत. एएनजीआर हे प्रथिन अँग्विबॅक्टिन बनवण्यात भाग घेते आणि त्याच वेळी स्वतःच्याच मालिकेचे लिखाण वाढवते. टीएएफ नावाचा आणखी एक घटक त्याला साथ देतो आणि तयार झालेले अँग्विबॅक्टिनसुद्धा यंत्रणेला पुढे ढकलते. म्हणजे लोह मिळवण्याची धडपड एकदा सुरू झाली की ती स्वतःलाच वेग देते, आणि पेशीत लोह जमू लागले की फर आणि आरएनए-अल्फा मिळून तिला लगाम घालतात.

आता आक्षेप. लोहाची टंचाई हाच माशात शिरल्याचा पुरावा, असे पुस्तकांत सरसकट लिहिलेले असते, पण खुल्या समुद्राच्या पाण्यातही विरघळलेले लोह अत्यल्पच असते. समुद्रात पोहणाऱ्या व्हिब्रिओला तिथेही टंचाई जाणवणार आणि फर तिथेही सुटणार. मग नुसते लोह हा पत्ता कसा होईल? माझ्या मते तो नाहीच. लोहाची टंचाई ही पत्त्यातली एक ओळ आहे, जशी पाकिटावर केवळ गावाचे नाव लिहिलेले असावे, आणि घर गाठायला बाकीच्या ओळी लागतात. माशांच्या रोगकारकांत जिथे जिथे नियमन नीट उलगडले आहे, तिथे तिथे दोन-तीन खुणा एकत्र वाचण्याची सोय आढळते.

तापमानाचे कोडे मला या वाटेनेच सुटले. तापमान माशांच्या जिवाणूला जागा सांगत नाही, ऋतू सांगते. ते पंचांग आहे. अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशना आतड्याचा सेप्टिसीमिया करणारा, १९७९ साली प्रथम वर्णिलेला एडवर्डसिएला इक्टॅल्युरी पाणी २२ ते २८ अंशांच्या दरम्यान असते त्या काळात साथ आणतो, म्हणजे वसंतात आणि शरदात. उन्हाळ्याच्या तापात आणि हिवाळ्याच्या गारठ्यात रोग ओसरतो. याच्या अगदी उलट टोकाला अलिव्हिब्रिओ साल्मोनिसिडा आहे. १९७९ साली नॉर्वेच्या हिट्रा बेटाच्या परिसरातल्या साल्मन शेतीत त्याचा रोग दिसला आणि तो हिट्रा रोग याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या साथी शरदाच्या अखेरीपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत, थंड पाण्यात येतात. हा जिवाणू बिसुकाबेरिन नावाचा सिडेरोफोर बनवतो, पण लोहाची टंचाई असूनही तो ठळक प्रमाणात बनतो तो पाणी १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असेल तरच. एकाच दारावर लोहाचे आणि ऋतूचे अशी दोन कुलुपे आहेत आणि दोन्ही उघडल्याशिवाय दार उघडत नाही.

येर्सिनिया रकेरीने या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवले. ट्राउटच्या तोंडाभोवती आणि घशात रक्त साकळवणारा रेडमाउथ हा रोग त्याचा. प्रयोगशाळेत तो २८ अंशांच्या सुमारास सर्वांत जोमाने वाढतो, म्हणून पूर्वी सगळेजण तो २८ अंशांवरच वाढवत. माशांत साथी येतात त्या मात्र १८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात, आणि वायआरपी१ या प्रथिनभंजक विकरासकट त्याची अनेक मारक जनुके २८पेक्षा १८ अंशांवर अधिक चालतात. वाढीसाठी उत्तम तापमान एक आणि मारण्यासाठी उत्तम तापमान दुसरे, हे ऐकायला उफराटे वाटते, पण माशाच्या बाजूने पाहिले की ते पटते. थंड पाण्यात माशाची प्रतिपिंडे तयार होण्याची गती मंदावते, त्यामुळे जिवाणू स्वतः थोडा सावकाश वाढला तरी त्याला मोकळीक जास्त मिळते. ज्या कोणी केवळ सोयीसाठी २८ अंशांवर प्लेट ठेवून या जिवाणूच्या मारक प्रथिनांचा शोध घेतला असेल, त्यांना ती निम्मीअर्धीच दिसली असणार. वाढ चांगली दिसली की कल्चर चांगले, हा प्रयोगशाळेतला समज माशांच्या रोगकारकांत हमखास फसवतो.

ऋतू आणि जागा या दोन्हींचे वाचन एकाच प्रथिनात कसे होते हे पाहायचे असेल तर एडवर्डसिएला पिसिसिडाकडे जावे. २०१३ साली स्वतंत्र जाती ठरण्यापूर्वी त्याचे बरेचसे संशोधन एडवर्डसिएला टार्डा या नावाने झाले, त्यामुळे जुने लेख वाचताना नावाची गल्लत होते. हा जिवाणू भक्षक पेशींच्या पोटात जाऊन मरत नाही, तिथेच राहतो आणि वाढतो. त्यासाठी त्याला दोन स्रावयंत्रणा लागतात, तिसऱ्या प्रकारची आणि सहाव्या प्रकारची. दोन्हींची सूत्रे ईएसआरए आणि ईएसआरबी या जोडीच्या हाती असतात. ईएसआरए पटलात बसून खुणा टिपते आणि ईएसआरबी आत डीएनएवर काम करते. ईएसआरसी हे तिसरे प्रथिन ईएसआरबीच्या हुकमाने तयार होते आणि तो हुकूम पुढे पोहोचवते. या सगळ्यांच्या वर पीएचओपी-पीएचओक्यू ही आणखी एक जोडी आहे, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात तिचे वैशिष्ट्य उघड झाले. पीएचओक्यूचा बाहेरचा भाग तापमानाबरोबर आपली घडण बदलतो. २३ ते ३५ अंशांच्या दरम्यान तो पीएचओपीला फॉस्फेट देऊन जागा करतो, पीएचओपी ईएसआरबीचे जनुक चालू करतो आणि दोन्ही स्रावयंत्रणा उभ्या राहतात. २० अंशांच्या खाली आणि ३७ अंशांवर हे सगळे थंडावते. भोवती मॅग्नेशियम कमी असले तरी हीच जोडी जागी होते.

भक्षक पेशीने गिळलेला जिवाणू ज्या पुटिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलाच्या पिशवीत, अडकतो, तिथली परिस्थिती डोळ्यांसमोर आणली तर हे चित्र पुरे होते. आत आम्लता वाढत जाते, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट आटतात, लोह काढून घेतले जाते. एडवर्डसिएला इक्टॅल्युरीत तर प्रत्यक्ष दाखवले गेले आहे की ५.५ पीएच आणि फॉस्फेटची टंचाई या दोन गोष्टी ब्रॉथमध्ये निर्माण केल्या की तिसऱ्या प्रकारच्या स्रावयंत्रणेची जनुके ईएसआरए, ईएसआरबी आणि ईएसआरसी यांच्यामार्फत वर येतात. म्हणजे भक्षक पेशीची नक्कल काचेच्या नळीत करता येते, आणि जिवाणू तिला फसतो. दुसरीकडे, लोह मुबलक असल्यास फर सहाव्या प्रकारच्या यंत्रणेतल्या ईव्हीपीपी या प्रथिनाचे जनुक दाबून ठेवतो. पाणी कोमट असणे, मॅग्नेशियम नसणे, आम्ल असणे, फॉस्फेट आणि लोह दोन्ही नसणे, या खुणा सुट्या सुट्या पाण्यात कुठेही भेटू शकतील, पण सगळ्या एका वेळी जुळून येतात ती जागा कॅटफिश किंवा टर्बटच्या भक्षक पेशीची पुटिका सोडून सहसा दुसरी नसते.

विषांच्या बाबतीत दाबणे आणि सोडवणे हा खेळ अधिक उघड दिसतो. व्हिब्रिओ अँग्विलारमकडे तांबड्या पेशी फोडणारे व्हीएएच१ आणि माशाच्या पेशींचा आकार बिघडवून त्यांना मारणारे आरटीएक्सए अशी दोन विषे आहेत. शिगेलाच्या गोष्टीतले एच-एनएस इथेही भेटते. ते दोन्ही विषांच्या जनुकांपुढच्या, अ आणि ट या बेसांनी भरलेल्या डीएनएवर पसरून बसते आणि त्यांना गप्प ठेवते. एचएलवाययू हे प्रथिन त्याच जागेवर हक्क सांगते, आणि ते बसले की एच-एनएसला हटावे लागते. तेव्हा एचएलवाययूचे मुख्य काम नवे काही चालू करणे हे नसून दाबणाऱ्याला उठवणे हे आहे. एच-एनएस नसलेल्या स्ट्रेनमध्ये ही जनुके वरच्या पातळीवर जातात, त्यावरून ही बाब पक्की झाली.

आतड्यातल्या श्लेष्माचा विषयही इथेच घ्यायला हवा. व्हिब्रिओ अँग्विलारमचे ईएमपीए हे प्रथिनभंजक विकर साध्या ब्रॉथमध्ये कल्चर दाट झाल्यावर, वाढ थांबण्याच्या सुमारास बनते, आणि साल्मनच्या आतड्यातला श्लेष्म मिळाला की ते खूपच जोरात बनते. श्लेष्म ही खूण खऱ्या अर्थाने माशाची आहे, कारण पाण्यात ती मिळत नाही. लोह आणि तापमान यांच्यावर जेवढे लिहिले गेले, त्याच्या तुलनेत श्लेष्माकडे फार कमी लोकांनी लक्ष दिले, याचे मला आश्चर्य वाटते. कारण बहुधा साधेच असावे. माशाच्या आतड्यातून श्लेष्म खरवडून, गाळून, निर्जंतुक करून वापरणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि दर खेपेचा श्लेष्म आधीच्यासारखा निघत नाही.

याउलट ज्या विषयावर वाजवीपेक्षा जास्त लिहिले गेले, तो म्हणजे जिवाणूंची गणपूर्ती. १९७० साली केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्स यांनी समुद्रातल्या प्रकाशमान जिवाणूंबद्दल दाखवले की ते दाटी झाल्याखेरीज उजळत नाहीत, कारण प्रत्येक जिवाणू बाहेर सोडत असलेला संकेतरेणू पुरेसा साठावा लागतो. पुढे शेकडो रोगकारकांत तशाच यंत्रणा सापडल्या. माशांच्या रोगकारकांपैकी एरोमोनास हायड्रोफिलात संकेतरेणू बनवणारे एएचवायआय हे जनुक काढून टाकले की बाहेर सोडली जाणारी प्रथिनभंजक विकरे बंद होतात आणि संकेतरेणू बाहेरून घातला की परत येतात, इतका स्वच्छ पुरावा आहे. व्हिब्रिओ अँग्विलारमकडे तर एक नाही, अशा संकेतांच्या अनेक वाहिन्या आहेत, आणि त्यांच्या शेवटी बसलेला व्हॅनटी हा नियामक ईएमपीएचे जनुक चालवतो. यावरून या वाहिन्या तोडल्या की मासे वाचतील, असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात संकेतरेणू बनवणारे व्हॅनआय हे जनुक काढलेला स्ट्रेन माशांना पूर्वीसारखाच मारतो आणि व्हॅनटी काढल्यानेही मारकतेत फारसा फरक पडत नाही. २०१४ साली सी बासच्या पिलांवरच्या कामातून निघाले ते असे की आरपीओएस हा जनुकांचे वाचन सुरू करून देणारा सिग्मा घटक आणि इंडोल हा रेणू यांचा मारकतेवर ठळक परिणाम आहे. आरपीओएस नसले की जिवाणू जास्त इंडोल बनवतो, आणि इंडोल वाढले की त्याचे बाहेरचे शर्करावेष्टन आणि जैवपापुद्रा दोन्ही कमी होतात.

संकेत जिवाणूंकडूनच येतात असेही नाही. घाबरलेल्या, दाटीत कोंबलेल्या किंवा हाताळणीने त्रासलेल्या माशाच्या शरीरात नॉरएपिनेफ्रिन आणि डोपामिन वाढतात, आणि हे दोन्ही रेणू दिल्यावर व्हिब्रिओ अँग्विलारमची मारकता वाढते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. माशाची भीती जिवाणूला वाचता येते, असे मी एकदा विद्यार्थ्यांसमोर बोलून गेले आणि नंतर ते वाक्य मला स्वतःलाच फार नाटकी वाटले, पण चुकीचे मात्र वाटले नाही.

आता एक हिशेब न जुळणारा. २००४ साली रेनबो ट्राउटच्या एका प्रयोगात व्हिब्रिओ अँग्विलारमची लागण केलेल्या माशांना सी-३० नावाचे फ्युरॅनोन दिले गेले. डेलिसिया पुल्क्रा या तांबड्या समुद्रशैवालात गणपूर्तीचे संकेत बिघडवणारे फ्युरॅनोन सापडले होते, त्यांच्या धर्तीवर बनवलेला हा रेणू. दिलेल्या प्रमाणात जिवाणूची वाढ कमी झाली नाही, पण मरणाऱ्या माशांची संख्या लक्षणीयरीत्या घटली, आणि गणपूर्ती मोडून रोग रोखता येतो याचा दाखला म्हणून हा प्रयोग आजवर सांगितला जातो. गणपूर्तीची जनुकेच काढून टाकलेला जिवाणू जर तितकेच मासे मारत असेल, तर त्याच गणपूर्तीत बिघाड करणाऱ्या रेणूने मासे वाचले कसे? दोन्ही निकाल खरे धरले तर फ्युरॅनोनचा परिणाम दुसरीकडेच कुठेतरी होत असला पाहिजे, जिवाणूच्या एखाद्या वेगळ्या यंत्रणेवर किंवा थेट माशावर. याचा निवाडा करणारा प्रयोग सरळ आहे. व्हॅनटी नसलेल्या स्ट्रेनची लागण केलेले ट्राउट दोन टाक्यांत ठेवायचे, एका टाकीत फ्युरॅनोन द्यायचे आणि दुसऱ्या टाकीत ते ज्या द्रावकात विरघळवले तो द्रावक तेवढा द्यायचा. पहिल्या टाकीतही मासे कमी मेले, तर त्या औषधाच्या यशातून गणपूर्तीचे नाव वगळावे लागेल.